पुढची जागा

“वसू, तू पुढं बस,” दादा म्हणाले आणि त्यांनी मागची जागा धैर्यशीलला दाखवली.

मी वल्हं घेऊन मागच्या जागेपाशीच गुडघाभर पाण्यात उभी होते. ती जागा माझी होती. आमच्या कनू म्हणजे दोघांनी बसायच्या निमुळत्या, हलक्या होड्या. पुढच्यानं जोर लावून ओढायचं आणि मागच्यानं ओढता ओढता वळण द्यायचं. होडी कुठं जाणार हे मागचा ठरवतो. हे मला वडिलांनी, म्हणजे दादांनीच शिकवलेलं, मी परकर-पोलक्यात होते तेव्हा. आणि आता त्याच जागेवर ते अशा माणसाला बसवत होते, की ज्यानं आयुष्यात वल्हं हातात धरलं नव्हतं.

“त्यांना येतं का?” मी विचारलं.

“येईल. तू बस.”

मी बसले. रागानं बसले, पण बसले.

दादा सैन्यात पूल बांधणाऱ्या पलटणीत होते आणि सुभेदार म्हणून निवृत्त होऊन गावी आले होते. येताना पाण्याचं वेड घेऊन आले. पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी फायबरच्या चार कनू करून घेतल्या, चार मित्र जमवले आणि दरवर्षी संक्रांतीच्या आसपासचा एक शनिवार-रविवार कृष्णेवर काढायचा पायंडा पाडला. शनिवारी सकाळी कराडच्या खाली कुठंतरी होड्या पाण्यात सोडायच्या, रात्री काठावर राहुट्या ठोकायच्या आणि रविवारी दुपारी आमच्या गावच्या घाटाला लागायचं. गाव याला सुभेदारांचं खूळ म्हणायचं. आई पहिल्या वर्षापासून दादांच्या होडीत पुढं बसायची. पदर खोचून वल्हं मारणारी बाई म्हणून तिच्यावर हसून झालं होतं, आणि हसणारे दमले तेव्हा तेही थांबलं होतं.

त्या वर्षी या खुळाला माझं स्थळ जोडलं गेलं. धैर्यशील जगदाळे, पुण्यात कारखान्यात इंजिनिअर, आत्याच्या सासरकडून आलेलं स्थळ. मी तेवीस वर्षांची, तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. दादांना आपण सुधारलेले असल्याचा भारी अभिमान. माझी मुलगी पोह्यांची बशी घेऊन कुणापुढं उभी राहणार नाही, असं त्यांनी भावकीत ठणकावून सांगितलं. मुलगा आणि मुलगी दोन दिवस एका होडीत बसतील, बोलतील, एकमेकांना नीट पाहतील. सगळ्यांनी वाहवा केली. एका होडीत पुढं बसलेल्याला नदी दिसते आणि मागच्याला पुढच्याची पाठ, हे त्या सुधारलेल्या मंडळींपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी दादांनी मला शब्द दिला होता. जास्वंदीच्या कुंपणापाशी, हात पाठीमागे बांधून. “घाटावर उतरलीस की मला हो किंवा नाही सांग. नाही म्हणालीस तर विषय संपला. कारणसुद्धा विचारणार नाही.” दादांचा शब्द म्हणजे आमच्या घरात दगडावरची रेघ. मी निर्धास्त झाले. आत्यानं मात्र मला न्हाणीपाशी गाठून वेगळंच बजावलं: त्याला शिकवायला जाऊ नकोस, पुरुषमाणसाला बाईनं शिकवलेलं सोसत नाही.

पहिला तासभर आमची होडी नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जात होती. बाकीच्या तीन होड्या सरळ पुढं निघून गेल्या आणि आम्ही आपले कधी उसाच्या फडाला टेकतोय, कधी पाणी उपसणाऱ्या पंपाच्या पाइपावर आदळतोय. नदीकाठच्या मळीत वांगी तोडणाऱ्या बायका कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

“होडी जरा जड आहे का?” त्यानं मागून विचारलं.

“असेल,” मी म्हणाले.

शेवटी मला राहवेना. पुढं बसूनही होडी थोडी वळवता येते. वल्हं कडेला उभं खुपसायचं आणि पाणी आपल्याकडं खेचायचं, की होडीचं नाक त्या बाजूला येतं. खांद्याचं भरीत होतं, पण येतं. आत्यानं शिकवू नको म्हटलं होतं. वळवू नको म्हटलं नव्हतं. मी गुपचूप नाक सरळ करत राहिले. हळूहळू आम्ही मधल्या धारेला लागलो आणि मागून एक समाधानाचा हुंकार आला.

“जमायला लागलं बघा,” तो म्हणाला. “एकदा हात बसला की सोपं आहे.”

मला हसू आलं. राग यायला हवा होता, पण हसूच आलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं मला शाळेबद्दल विचारलं आणि मी सांगितलेलं ऐकलंही. पुण्यात शाळांना तोटा नाही म्हणाला. स्वतःच्या चुलत्यांची नक्कल करून दाखवली, ती मला नुसती ऐकू आली तरी मी खळखळून हसले. वाटेत कोल्हापुरी बंधारा आला. तिथं होड्या उचलून काठानं पलीकडं न्याव्या लागतात. आम्ही दोघांनी आमची होडी खांद्यावर घेतली, पलीकडं ठेवली आणि तो माझ्याकडं वळून म्हणाला, “सकाळपासून तुम्हाला आत्ता पहिल्यांदा समोरून पाहतोय.” घामानं त्याचे केस कपाळाला चिकटले होते आणि नाक उन्हानं लाल झालं होतं. मला तो आवडला. खरं सांगते, बंधाऱ्याच्या खाली होडी पुन्हा पाण्यात सोडली तेव्हा माझं हो होत आलं होतं.

संध्याकाळी एका वाळूच्या पट्ट्यावर मुक्काम केला. मगरींची तेव्हा आजच्याइतकी बोलवा नव्हती. दादांचे मित्र रंगाकाका यांनी हुरड्याची आगटी पेटवली, आईनं भाकरी थापायला घेतल्या. रंगाकाकांचा स्वभाव असा, की थट्टा केल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. पाव्हण्यांची होडी सकाळी नागमोडी होती, दुपारी बाणासारखी कशी झाली, असं त्यांनी विचारलं.

दादांनी धैर्यशीलच्या पाठीवर थाप मारली. “एका दिवसात शिकला. आमच्या पलटणीत पोरांना महिना लागायचा.”

मी दादांकडं बघत राहिले. बंधाऱ्यापासून पुढं दुपारभर ते आमच्या मागंच होते. माझं वल्हं पाण्यात कसं पडतंय हे त्यांना कळलं नसेल, असं होणंच शक्य नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि नजर आगटीकडं वळवली. धैर्यशील लाजून हसला. मी उठून आईजवळ जाऊन बसले.

आई पिठाचा हात माझ्या उजव्या खांद्यावर ठेवून म्हणाली, “पुढनं वळवायची म्हंजी ह्यो खांदा जातो. तेल लावून निज.” एवढंच बोलून तिनं तव्यावरची भाकरी उलटली. तिला हे कसं ठाऊक, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मला फक्त दादांचा राग आला होता.

रविवारी सकाळी धैर्यशील मला ‘तू’ म्हणाला. “चहा घेतलास का?” अगदी सहज म्हणाला, जसं काही रात्रीत आमचं ठरून गेलं होतं. मला खटकलं, पण म्हटलं, असू दे. मागच्या जागेवर तो न विचारता जाऊन बसला. मीही पुढं बसले आणि कालच्यासारखीच वळवत राहिले. वारा सुटला होता. खांदा ठणकत होता. तो पुण्यातल्या फ्लॅटच्या गॅलरीबद्दल बोलत होता, तिथं तुळस कुठं ठेवायची याबद्दल, आणि प्रत्येक वाक्यात ‘आपण’ होतं. मी वल्हं मारत होते. घाट आला की सांगायचं होतंच.

दुपारी जेवायला थांबलो ती जागा आमच्या गावच्या अलीकडं, एका वळणाच्या तोंडाशी होती. ते वळण घेतलं की घाट दिसतो. कालच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा. रंगाकाका माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी माझा हात धरून बोटं निरखली.

“जरा सुजल्यात गं. वल्ह्यानं. अंगठी बसंल न्हवं?”

“कसली अंगठी?”

“आता घ्या. काठावरली पोरं सांगत हुती, घाटावर जीप भरून माणसं उतरल्यात सकाळधरनं. हिरवं पातळ आलंय, साखरपुडा आलाय, भटजी आलाय. पेढं खाल्ल्याबिगर आज मी घरला जाणार न्हाई.”

ते हसत होते. मग त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि हात सोडला.

मी आईकडं वळले. तिच्या हातातली भाकरी तशीच होती. “तुला ठाऊक होतं?” मी विचारलं.

“काल निघताना जीपमधे कळलं,” ती खाली बघत म्हणाली. “पातळ तुझ्या आत्यानंच घेतलं. मला दाखवलं बी न्हाई.”

मी उठले आणि सरळ धैर्यशीलपुढं जाऊन उभी राहिले. तो वाळूत पाय पसरून बसला होता. आज घाटावर साखरपुडा आहे हे त्याला माहीत होतं का, असं विचारलं. तो गोंधळला. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो.

“तुझा होकार आहे असंच सांगितलं मला. काल रात्री तुझे वडील म्हणाले.”

“मला कोणी विचारलं?”

“बरं, मग आता मी विचारतो.” तो उठून उभा राहिला, पँटची वाळू झटकली. “पण माझी आई आलीय घाटावर. मामा आलेत. आत्ता हे काढू नकोस. घरी जाऊन काय ते बोलू.”

“घाटापर्यंत मी मागं बसते,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“तुम्ही पुढं बसा. होडी मी नेते.”

त्यानं वळणाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. कालचा हसरा चेहरा कुठल्या कुठं गेला. “सगळ्या पाहुण्यांसमोर मी पुढं बसून येऊ आणि तू मागून हाकत आणणार? कसं दिसेल ते?”

बास. माझं होत आलेलं हो तिथंच वाळूवर राहिलं. कोणाला ते लागत असेल तर अजून शोधावं.

दादा तोवर आले होते. काय चाललंय ते त्यांनी विचारलं नाही, कारण त्यांनी सगळं ऐकलं होतं. पलटणीतल्या आवाजात म्हणाले, “वसुधा, पुढं बस. तमाशा नको.”

“मी घाटावर उतरून हो किंवा नाही सांगायचं ठरलं होतं.”

“मग हो सांग. मुलात खोट काय आहे?”

“कारण विचारणार नाही म्हणाला होतात.”

“मी जगदाळ्यांना शब्द दिलाय.”

“मलाही दिला होता, दादा. आधी कोणाला दिलात?”

दादांच्या कपाळावरची शीर उडत होती. सुभेदारांना उलटं बोललेलं त्या चार मित्रांनी कधी ऐकलं नसावं; एकजण उगाच तंबूच्या दोऱ्या गुंडाळू लागला. मीही दादांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. भीती वाटत होती, आणि तरी मला बरं वाटत होतं. दोन दिवस तोंडात धरलेलं काहीतरी थुंकून टाकल्यासारखं.

मी होडी पाण्यात ढकलली आणि मागच्या जागेवर बसले. पुढची जागा रिकामी. एकटीनं नेली तर नाक वर उचललं जाणार आणि वारा हवं तिकडं फिरवणार, हे मला कळत होतं. तरी मी वल्हं टेकून थांबले.

“कोण येतंय?” मी विचारलं.

धैर्यशील जागचा हलला नाही. रंगाकाका खोकले. दादा म्हणाले, “कोणी जाणार नाही. येईल परत.”

तेव्हा आईनं हात धुतले. नदीतच धुतले, पदराला पुसले, पदर कमरेला खोचला आणि चपला हातात घेऊन ती पाण्यात उतरली. चपला तिनं माझ्या होडीत टाकल्या.

“तू कुठं निघालीस?” दादांनी विचारलं.

“पोरीबरोबर.”

“आणि माझ्या होडीत?”

“पाव्हण्यांना घ्या की,” आई म्हणाली. “शिकल्यात न्हवं ते.”

ती पुढं बसली, वल्हं उचललं आणि माझ्याकडं न बघता पाण्यात घातलं. होडी अशी सुटली की माझी मान मागं गेली. दोन दिवसांत पहिल्यांदा मला होडीत जोडीला कोणीतरी असल्यासारखं वाटलं.

मागं काय झालं ते मला वळून वळून दिसत होतं. दादा त्यांच्या होडीत मागं बसले, कारण ते दुसरीकडं कुठं बसूच शकत नव्हते. आणि धैर्यशीलला पुढं बसावंच लागलं. दादांच्या सरळ होडीची आमच्या पंचक्रोशीत ख्याती होती. दोरी लावल्यासारखी जायची, लोक काठावर उभे राहून बघायचे. ती होडी त्या दिवशी डावीकडं गेली. दादांनी सावरली, ती पुन्हा डावीकडं गेली आणि उसाच्या मुळाशी जाऊन रुतली. त्यांनी वल्ह्यानं रेटून बाहेर काढली. पुन्हा डावीकडं.

“आई, दादांना काय झालंय? होडी सरळ जाईना त्यांची.”

“कवा जात हुती?” आई म्हणाली. ती वल्हवायची थांबली नव्हती. “पयल्यापास्नं डावीकडं वढत्यात. मी पुढनं सांभाळायची. काल तू सांभाळलीस, तसं.”

मी तिच्या पाठीकडं बघत राहिले. उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली होता. हे मी लहानपणापासून बघत आले होते आणि मला वाटायचं, पाण्याच्या घागरीनं झालं असेल.

“आणि ते दादांना ठाऊक आहे?”

“वीस वरसं झाली. ठाऊक नसंल व्हय?”

मग मला दादांची कालची नजर कळली, आगटीकडं वळलेली. धैर्यशीलच्या पाठीवर पडलेली थापही कळली. होडी मी सरळ चालवायची आणि नाव मागं बसलेल्याचं लागायचं, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. मला रडू आलं. आईसमोर रडायला मोकळं होतं, कारण ती पुढं बघत होती.

वळण घेतलं आणि घाट दिसला. अजूनही आमच्या भावकीत सांगतात, सुभेदारांची पोरगी साखरपुड्यातून पळाली. पळाले वगैरे काही नाही. भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, मी वल्हवत गेले. घाटाच्या पायऱ्या माणसांनी भरल्या होत्या. फेट्यातली माणसं होती, ठेवणीतल्या साड्या होत्या. सगळ्यांत खालच्या पायरीवर आत्या ताम्हन घेऊन उभी होती आणि तिच्या शेजारी एक गोरी, चष्मेवाली बाई. ती त्याची आई असावी. आमची होडी दिसताच कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग होडीत धैर्यशील नाही हे दिसलं आणि टाळ्या थांबल्या.

“घ्यायची का घाटाला?” मी आईला विचारलं.

“तुझी तू बघ. मागं तू हायस.”

मी होडी घाटापासून पन्नास-साठ हात लांबच ठेवली, धारेत. वल्हं पाण्यात रोवून तिला तिथंच धरलं. आत्या ओरडून विचारत होती, पाव्हणं कुठं आहेत, दादा कुठं आहे, उतरत का नाही. मला वाटलं होतं, दादा समोर असतील आणि मी त्यांना सांगेन. पण ज्यांना सांगायचं ते मागं उसात रुतले होते, आणि माझ्या नावानं जमलेली माणसं समोर होती. वारा तोंडावर होता.

“नाही,” मी म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, जोरात. “माझा नकार आहे.”

पायऱ्यांवर नुसती कुजबुज झाली. वाऱ्यानं शब्द तिथवर पोचला नसावा. आत्या कानाला हात लावून पुढं वाकली. “काय म्हणतीया ती? वयनी, काय म्हणतीया?”

माझ्या आईनं दादांच्या बहिणीपुढं कधी आवाज चढवला नव्हता. आत्या माजघरात आली की आई पदर सारखा करून उठून उभी राहायची. तिनं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. कनूत उभं राहता येत नाही, म्हणून ती बसल्या जागीच ताठ झाली.

“न्हाई म्हणतीया,” आई ओरडली. सगळ्या घाटाला, पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं ओरडली. “ऐकलं का वन्सं? माझी पोरगी न्हाई म्हणतीया.”

मग तिनं वल्हं उचललं आणि मी होडी धारेला सोडली.